मोतीरामांच्या समुद्राला शेवाळ

नाशिक रोडच्या कॉलनीत समुद्राची कुणाला काही गरज नव्हती, पण मोतीरामांनी तो आणला. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेली माणसं बागकाम करतात, भजनाला जातात, नाहीतर स्वयंपाकघरात नाक खुपसून बोलणी खातात. मोतीरामांनी तीन फुटांची काचेची टाकी घेतली, सरफराजच्या शोभेच्या माशांच्या दुकानातलं खास मीठ कालवून खारं पाणी भरलं, सरफराजनं सांगितलं तशी महिनाभर कळ काढली आणि मगच दोन नारिंगी पट्टेरी मासे आणि पाच गोगलगायी आत सोडल्या. टाकी ठेवली ती नेमकी बाहेरच्या खोलीच्या त्या कोपऱ्यात, जिथे लंकाबाई दर नवरात्रात घट बसवत.

"घट तिथंच बसणार," लंकाबाईंनी नवऱ्याला बजावलं. "शेजारी टाकी राहिली तर राहू दे, पण पाणी आरशासारखं पाहिजे. देवीच्या शेजारी मला डबकं चालायचं नाही. नाहीतर टाकी घराबाहेर."

लंकाबाई वणीच्या. देवीच्या गडाच्या पायथ्याशी वाढलेल्या बाईशी देवीवरून वाद घालण्याइतके मोतीराम भोळे नव्हते.

आणि मग शेवाळ आलं. आधी वाळूवर तपकिरी धूळ बसली, मग काच हिरवी झाली, मग दगडांना चक्क दाढी फुटली. मोतीरामांची नोकरीची तीस वर्षं कागदावरचा केसाएवढा डाग हुडकण्यात गेलेली. ते सकाळी जुना टूथब्रश घेऊन बसत ते जेवणाची हाक येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी दाढी पुन्हा हजर. लंकाबाई जाता-येता एकच शब्द टाकून जात, "डबकं." बायको आपल्या टाकीला पाण्यात पाहते, याबद्दल मोतीरामांना तिळमात्र शंका नव्हती.

शेवटी बाटलीत टाकीचं पाणी घेऊन ते सरफराजकडे गेले. सरफराजनं काचेच्या नळीत पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि हलवलं. पाणी लालभडक झालं.

"काका, नव्या टाकीला शेवाळ येणारच. लहान बाळाला दात येतात, तसंच समजा," तो म्हणाला. "दिवा सहाच तास लावा, आठवड्याला थोडं पाणी बदला. पण हे बघा ना, खाणं सडून पाणी खराब झालंय. किती घालता?"

"दिवसाआड चिमूटभर."

"चिमूट कुणाची? पैलवानाची?"

मोतीरामांच्या ते फार जिव्हारी लागलं. जन्मभर ज्यानं मापात चूक केली नाही, त्याच्या चिमटीवर संशय! घरी येऊन त्यांनी खाणं तीन दिवसांआड केलं. शेवाळ आणखी फोफावलं. मासे मात्र दिवसेंदिवस गुबगुबीत होत चालले. नाशिकची हवा मानवली असेल, असं मोतीरामांनी ठरवून टाकलं.

घट बसायला दोन दिवस उरले आणि लंकाबाईंचा भाऊ बहिरू वणीहून आला. द्राक्षाची छाटणी उरकली होती, फवारणीसाठी शहरातून मोरचूद घ्यायला तो आला होता. टाकीपुढे कपाळाला हात लावून बसलेले मेव्हणे पाहून त्याला दया आली.

"दाजी, एवढ्यासाठी तोंड पाडून बसले व्हय?" त्यानं पिशवी सोडली. आत निळेजर्द खडे. "चार खडे टाका. आमच्या हिरीतलं शेवाळ एका दिसात गायब झालं."

"अरे, त्यात तांबं असतं. गोगलगायी मरतील."

"मरू द्या की! दाजी, आमी बागेत गोगलगायीला मीठ टाकून मारतो, अन् तुमी तिला मिठात पाळता? लय मोठं डोकं हाय तुमचं."

मोतीरामांनी निळ्या खड्यांकडे पाहिलं, मग टाकीकडे. दोन दिवसांनी टाकी घराबाहेर जाणार होती, मासे कुणाच्या तरी दारात जाणार होते. पण पाच जीव मारून समुद्र वाचवायचा? ते नाही म्हणायला तोंड उघडतात, तोच बहिरूनं चार खडे मुठीत घेऊन हात टाकीवर नेलासुद्धा.

"बहिऱ्या! हात मागं घे!"

लंकाबाई परातीवरून तशाच उठून धावत आल्या होत्या, हाताला कणीक माखलेली. त्यांनी भावाचा हात ढकलला आणि स्वतःचा हात टाकीवर आडवा धरला. त्याबरोबर, एरवी मोतीराम दिसले की दगडाआड दडणारे ते दोन्ही मासे सुसाट वर आले आणि लंकाबाईंच्या बोटांखाली तोंड उघडून उभे राहिले.



"लंके," मोतीराम हळूच म्हणाले, "हे तुला कसे ओळखतात?"

लंकाबाईंनी हात पदराआड घेतला. "तुम्ही अंघोळीला गेलात की घालते दोन गोळ्या. कणकेच्या. आपल्या नाशिकच्या गंगेवर नाही का घालत माशांना? तुम्ही आपली आधी दिवसाआड चिमूट, मग तर तीन-तीन दिवसांनी. उपाशी जीव घरात ठेवून मी देवीपुढे बसू कशी?"

तीस वर्षं केसाएवढा डाग पकडणाऱ्या माणसाला स्वतःच्या टाकीतल्या कणकेच्या गोळ्या दिसल्या नव्हत्या. मोतीरामांना राग यायला हवा होता. त्यांना हसू आलं, आणि का कोण जाणे, भरूनही आलं. त्यांनी समजावलं की खाऱ्या पाण्यात कणीक सडते आणि त्यावरच शेवाळ पोसतं. लंकाबाईंनी ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "मग खाण्याची डबी इकडे आणा. उपाशी ठेवण्यात तुमचा हात फार सढळ आहे."

डबी गेली. गोळ्या थांबल्या, पण दोन दिवसांत शेवाळ थोडंच जातंय! घटस्थापनेच्या सकाळी मोतीराम अपराध्यासारखे टाकीपाशी उभे राहिले. "बाहेर काढू का?"

"काही नको," घटाच्या मातीत गहू पेरत लंकाबाई म्हणाल्या. "इथं हिरवं उगवावं म्हणून आपणच नऊ दिवस पाणी घालतो. तिथं आपसूक उगवलंय, त्याला नावं ठेवू?"

संध्याकाळी शेजारच्या भागीबाई दर्शनाला आल्या. टाकी बघून त्यांनी विचारलं, "पाणी असं हिरवं का हो?"

"मुद्दाम ठेवलंय," लंकाबाई म्हणाल्या. "नवरात्र आहे ना."

मोतीरामांनी गंभीरपणे मान डोलावली. टाकीबद्दल तोंड उघडायची परवानगी त्यांना लंकाबाईंकडून दसऱ्यानंतरच मिळणार होती.