लोकरीचं बूच

इंद्रजितने पान्याने स्क्रू सैल केला आणि डिझेलची पिचकारी थेट त्याच्या भुवईवर उडाली. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग धार. डोळे मिटूनच त्याने स्क्रू आवळला आणि बॉनेटमधून डोकं बाहेर न काढता ओरडला,

"निघाली एअर. मारा स्टार्टर, आबा."

सीटवर बसलेले बाळासो या हुकमाचीच वाट बघत होते. स्टार्टर कण्हला, जीप अंगभर थरथरली आणि इंजिन सुरू झालं. अंगणातल्या कोंबड्या या आवाजाला आताशा सरावल्या होत्या. त्या नुसत्या जराशा बाजूला झाल्या. इंद्रजित बनियनने तोंड पुसत उभा राहिला. आता काय होणार हे त्याला माहीत होतं.

इंजिन झकास चाललं. बनाबाईंनी, इंद्रजितच्या आईने, आणून दिलेला चहा बापलेकांनी पिऊन संपवला. कप खाली ठेवतायत तोवर इंजिनाला ठसका लागला, मग आणखी एक, आणि ते गप्प झालं.

"बंद पडली," बाळासो म्हणाले.

"दिसतंय मला."

बाळासो उतरले. सीटची गादी उचलून त्यांनी खालच्या टाकीचं झाकण फिरवून काढलं, आत निरगुडीची काठी घातली आणि बाहेर काढून तिचं ओलं टोक अंगठ्याने चाचपलं.

"डिझेल तर हाय की रं."

"मग पाइपातच एअर घेतीया कुठनंतरी," म्हणत इंद्रजित पुन्हा बॉनेटमध्ये शिरला.

दिवाळीपासून हे असंच चाललं होतं आणि आता सत्त्याण्णव उजाडलं होतं. इंद्रजित सांगलीला एका कारखान्यात फिटर होता. तिथली अवाढव्य यंत्रं त्याच्या हाताखाली गरीब गाईसारखी वागत. आणि इथे, वडूजच्या अलीकडच्या या वस्तीवर, हे बापाने जोडलेलं भंगार त्याला दर रविवारी वेड्यात काढत होतं. पहाटेच्या एसटीने तासगाव, विटा करत यायचं, दिवसभर हात काळे करायचे आणि संध्याकाळी हात हलवत परत जायचं. पाइप बदलून झाले, तांब्याचे वायसर बदलून झाले, फिल्टर नवा टाकला, पंप विट्याला नेऊन तपासून आणला. पंप उत्तम होता.

जीप मूळची मिलिटरीची, लिलावातली. ती पेट्रोल इतकं पिऊ लागली की बाळासोंनी तिचं इंजिनच उतरवलं आणि एका उलटलेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन आणून तिच्यात बसवलं. ते मावेना म्हणून पुढची जाळी कापली. टेकवायला जागा नव्हती म्हणून मोडक्या लोखंडी नांगराचे तुकडे वेल्ड करून त्याला पाय केले. मागच्या सीटा काढून तिथे कळकाच्या कामट्यांचा पिंजरा बांधला. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला निघायचं, तेव्हा वाटेत जन्मलेली कोकरं त्या पिंजऱ्यात बसायची. धनगराच्या बिऱ्हाडापुढं घोडं शोभतं, हे कसलं लोखंडाचं जनावर, म्हणून बाकीच्यांनी आधी भरपूर टिंगल केली. मग एकेकजण रात्री व्यालेल्या मेंढीचं कोकरू काखोटीला मारून जीपपाशी यायला लागला.

त्र्याण्णव साली मेंढरं विकली आणि जीप बाभळीखाली उभी राहिली ती राहिलीच. गेल्या श्रावणात बाळासो विहिरीच्या काठावर चक्कर येऊन पडले. हातभर अलीकडे पडले म्हणून वाचले. इंद्रजित धावत आला, भावकीतली चार माणसं बसवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, आता इथं एकटं राहायचं नाही, दोघांनी सांगलीला यायचं. राणीने, त्याच्या बायकोने, आतली खोली रिकामीही करून ठेवली होती. बाळासो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते.

"येतो," ते शेवटी म्हणाले. "पर ष्टीनं न्हाई यायचो. माझी जीप चालू करून दे. तिच्यातनं येतो."

सगळे हसले होते. इंद्रजितही हसला होता. बाळासोंचा शब्द म्हणजे शब्द, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं, आणि जीप म्हणजे काय, एका रविवारचं काम.

"तुला आठवतं का रं," बाळासो आता बॉनेटवर कोपर टेकून म्हणाले, "वाईच्या अलीकडं, नदीच्या अंगाला आपला मेंढरांचा वाडा उतरायचा त्ये?"

"आठवतं की. बामणाच्या रानात मेंढरं बसवायचो खताला."

"तवा तू पिंजऱ्यात झोपायचास. कोकरांच्यात. तुझी आई हुडकायची तुला, आन् तू सापडायचा न्हाईस. सगळीच पांढरी अन् काळी."

"मी कुठला आवं पांढरा?"

"काळ्यांत धरायचो तुला."

इंद्रजित हसला. स्क्रूवरचा त्याचा हात थांबला. कोकरांच्या अंगाची ऊब, त्यांच्या तोंडाला येणारा दुधाचा आंबूस वास आणि खालून येणारी इंजिनाची घरघर, एवढं सगळं त्याला एकदम हवंहवंसं वाटलं. राणीला एकदा हे सांगायला गेला तर ती म्हणाली होती, मेंढरांत झोपायची काय हौस ती. तिला त्यातली मजा कळली नव्हती. ती मजा कळणारी माणसं जगात उरली होती ती दोनच, आणि त्यांतलं एक विहिरीच्या काठावर चक्कर येऊन पडत होतं.

पुन्हा एअर काढली. पुन्हा इंजिन सुरू झालं.

"आता बांधाच्या कडंपर्यंत नेऊन बघू," इंद्रजित म्हणाला. "चालती ठेवली तर कदाचित धरंल."

चुलीपुढून बनाबाईंनी आवाज दिला.

"आरं, भंडारा तरी लाव गाडीला. कवापासनं सांगतीया. देवाला इचारल्याबिगर निघता, मग ती चालंल कशी?"

"लावतो, आई."

इंद्रजित घरात गेला. आत अंधार होता. कोनाड्यात बिरोबाचा टाक, त्याच्यापुढे भंडाऱ्याची पिशवी. त्याने पिशवी उचलली, तशी तिच्या आडोशाला ठेवलेली एक वस्तू घरंगळून त्याच्या हातात आली. मक्याचं कणीस, दाणे काढलेलं, त्याच्यावर घट्ट गुंडाळलेली काळी लोकर. ती डिझेलने वर्षानुवर्षं भिजून कातड्यासारखी झाली होती. आणि तिच्यावर भंडारा वाहिलेला होता. ताजा. पिवळा जर्द.

वासानेच आधी ओळख पटवली. जीपच्या टाकीचं बूच. टाकीचं मूळ झाकण नदी ओलांडताना कुठेतरी पडलं होतं, तेव्हा बनाबाईंनी कणसाला लोकर गुंडाळून हे बूच करून दिलं होतं. पुढे बाळासोंनी कोरेगावात हौसेने चांगलं फिरकीचं झाकण घेतलं, त्याला सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून बसवला. आणि त्या दिवशी जीप जी बंद पडायला लागली ती वाईच्या वाटेवर पडतच राहिली. कोकरं ओरडत होती. इंद्रजित पिंजऱ्यातून बघत होता. शेवटी बाळासोंनी झाकण काढून सीटखाली भिरकावलं, टाकीच्या तोंडात बूच कोंबलं, आणि जीप एका दमात नदीकाठाला पोचली. त्या दिवशी चुलीपुढे बसून ते सगळ्यांना समजावत होते, टाकीत डिझेल कमी होतं तसा वरनं वारा आत जायला पायजे, न्हाईतर डिझेल खाली उतरत न्हाई. लोकरीतनं वारा जातो. त्या झाकणातनं जात न्हाई.

सगळ्यांना समजावत होते. इंद्रजितला तर मांडीवर बसवून.

त्याला प्रत्येक रविवार आठवला. जीप बंद पडली की आबा उतरायचे. आबाच झाकण काढायचे, काठी घालायचे, डिझेल हाय की रं म्हणायचे. टाकीकडे त्याला एकदाही येऊ दिलं नव्हतं. झाकण उघडलं की वारा आत जायचा, आणि तो इकडे खुळ्यासारखा एअर काढून आपणच गाडी सुरू केली असं समजायचा.

आधी त्याला रागच आला. पंप डोक्यावर घेऊन विट्याच्या स्टँडवर उभा राहिलेला तो स्वतःच त्याला दिसला. हे बूच घेऊन तसंच बाहेर जावं, आबांच्या मांडीवर टाकावं आणि म्हणावं, आता चला सांगलीला. भावकीसमोर शब्द दिलाय. ते उठले असते. एक अक्षर न बोलता उठले असते, हेही त्याला माहीत होतं. ते शब्द मोडणार नव्हतेच. म्हणून तर बिचारे देवाला साकडं घालत होते आणि जीपला बंद पाडत होते.

त्याने बूच होतं तसं कोनाड्यात परत ठेवलं. पिशवीतला चिमूटभर भंडारा घेतला. बोटांना जास्तीचा लागलेला पिवळा रंग बुचावर पुसला.

बाहेर इंजिन अजून चालूच होतं. बनाबाई चुलीपासून उठून दारात आल्या होत्या. त्यांनी त्याच्या बोटांकडे बघितलं आणि मग तोंडाकडे.

"सापडला का भंडारा?"

"सापडला."

पदराने कपाळ पुसून त्या परत चुलीकडे गेल्या. दाराशेजारी त्यांनी नुकतंच दोडक्याचं बी टोकलं होतं. माती अजून ओली होती.

इंद्रजितने बॉनेटला भंडारा लावला, जाळीच्या कापलेल्या कडेला लावला. मग ड्रायव्हरच्या बाजूला आला.

"आबा, उठा जरा. टाकी बघतो."

बाळासोंचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले.

"मी बघितलीया की मगाशी. डिझेल हाय."

"मी बघतो. उठा."

बाळासो उठले. उतरले, आणि जीपला पाठ करून बाभळीकडे बघत राहिले. त्यांची मान एकदम म्हातारी दिसली. इंद्रजितने गादी उचलली. झाकण तेच होतं, कोरेगावचं. त्याचा ट्यूबचा वायसर मात्र नवा होता. मघाशी घाईत लावल्याने झाकण जरासं तिरकं बसलं होतं. असं राहिलं असतं तर जीप आज धडपणे सांगलीला पोचली असती.

त्याने झाकण सरळ केलं. दोन्ही हातांनी, जोर लावून, फिरेल तेवढं आवळलं. मग गादी ठेवली आणि वरून थोपटली.

"बसा. चला बांधापर्यंत."

बाळासोंनी वळून आधी गादीकडे बघितलं, मग लेकाकडे. पण लेक तोवर पलीकडून चढून बसला होता आणि समोर बघत होता. बाळासो बसले. गिअर टाकला. जीप वस्तीवरून बाहेर पडली, ज्वारीच्या कडेने धुरळा उडवत निघाली. चेहऱ्याला वारा लागला तसे बाळासो ताठ झाले, आणि सवयीने त्यांनी मागे वळून रिकाम्या पिंजऱ्याकडे एक नजर टाकली. बांधाच्या अलीकडे इंजिनाला ठसका लागला. मग आणखी एक. जीप थांबली.

रानात एकदम शांत झालं. बाळासो उतरायला म्हणून हलले, पण इंद्रजितने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ऱ्हावू द्या. डिझेल हाय."

बाळासोंनी बाहेर काढलेला पाय परत आत घेतला.

"काय असंल रं मग?" त्यांनी हळूच विचारलं.

"लय अवघड दुखणं दिसतंय आबा. इंजिन उतरवावं लागंल. पिस्टन, रिंगा, समदं."

"वेळ लागंल व्हय?"

"लागंल की. हे वरीस जाईल. जास्तीबी लागंल." मग तो जरा थांबला. "पर तवर विहिरीवर एकट्यानं जायचं न्हाई. मी आल्यावर दोघं मिळून जाऊ."

बाळासोंनी मान हलवली. पटक्याचं टोक डोळ्याला लावलं, आणि डिझेल उडालंय म्हणाले.

इंद्रजित खाली उतरला आणि जीपला पुढून खांदा लावला. बाळासोंनी गिअर मोकळा केला, आणि मान मागे वळवून घराच्या दिशेने स्टिअरिंग सांभाळायला लागले.