कोपराखाली चार बोटं

कणीक मळताना मंदाच्या टाचा जमिनीवरून उचलल्या जायच्या. सकाळचं कोवळं ऊन पूर्वेच्या खिडकीतून आधी फरशीवर उतरायचं, आणि त्या उन्हात माझ्या बायकोच्या भेगाळलेल्या, आळता विटलेल्या टाचा वरखाली होताना दिसायच्या. वर परातीच्या काठावर बांगड्यांचा एक ठेका, खाली फरशीवर जोडव्यांचा दुसरा. परक्या माणसाला वाटलं असतं, ही बाई स्वयंपाक करता करता नाचते. मीही आल्यागेल्याला कौतुकाने तसंच सांगायचो आणि त्याला स्वतःची रसिकता समजायचो. ती नाचत नव्हती. तिला ओटा उंच पडत होता.

अकोल्यात आम्ही घर बांधलं, तेव्हा आमच्या उत्तम मिस्त्रीची ओट्याची उंची ठरवायची एक रीत होती. स्वयंपाक करणाऱ्या बाईला बोलवायचं, भिंतीशी उभं करायचं, हात कोपरात दुमडायला सांगायचा आणि कोपराखाली चार बोटं सोडून गेरूची रेघ मारायची. इतकी साधी, इतकी शहाणी रीत. पण रीत शहाणी असली म्हणजे माणसंही असतात असं नाही. मिस्त्री म्हणाला, "घरच्या बाईले बोलवा," आणि मी आईला बोलावलं. मोठी बाई घरात असताना सुनेचं माप घ्यावं, हे आमच्या शेतकरी कुळात कुणाच्या मनातही आलं नसतं. आई उंच, ज्वारीच्या ताटासारखी सरळ. डोक्यावरचा पदर सावरून ती भिंतीशी उभी राहिली ती थेट कोनशिलेला आलेल्या मंत्र्याच्या थाटात. मंत्र्यांच्या थाटाची मी जन्मभर टिंगल केली. त्या दिवशी मात्र हार घेऊन पुढे झालेला कार्यकर्ता मीच होतो. मंदा मागे चहाचे कप घेऊन उभी होती. गेरूची रेघ तिने नुसती पाहिली.

गंमत अशी, की आईने त्या ओट्यावर चार वेळाही स्वयंपाक केला नसेल. "उभ्यानं सैपाक त लगनातले आचारी करतेत," असं म्हणून ती शेवटपर्यंत मागच्या अंगणात चुलीपुढेच बसत राहिली.

वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी मंदा मला म्हणाली, "तुमी आईचा मान ठेवला, चांगलं केलं. पण भाकरी कोणाले थापा लागन?"

मी म्हणालो, "मोठ्याचा मान ठेवायचा म्हणजे टाचा थोड्या उचलाच लागतेत."

ती खळखळून हसली. विनोद चांगला होता. पुढे सत्तावीस वर्षं तो तिच्या उजव्या खांद्यात दुखत राहिला.

एकदा तिने पायाखाली पाट घेतला होता. आईने तो पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "पाटावर माणूस बसते, उभं राहत नाई." पाट देवघरात परत गेला. त्यानंतर मंदाने पायाखाली काही घेतलं नाही. उंची जिथून काढायची तिथून, स्वतःच्या पोटऱ्यांतून, ती काढत राहिली.

ऋतू आमच्या घरात त्या ओट्यावरून सरकायचे. मार्गशीर्षात तुरीच्या सोल्यांचा, ओल्या दाण्यांचा, हिरवा ढीग पडायचा आणि कडप्प्याचा काळा दगड त्याखाली आणखीच काळा दिसायचा. संक्रांतीच्या सुमारास हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा खाट घरभर उठायचा आणि त्यात मंदाच्या खांद्याला चोळलेल्या मलमाचा वास मिसळलेला असायचा. ते दोन वास मला आजही वेगळे करता येत नाहीत. वैशाखात, बाहेर डांबर वितळत असताना, ती दुपारी ओट्यावर गाल टेकवून दगडाचा गारवा घ्यायची. त्यासाठी मात्र तिला फारसं वाकावं लागत नसे. तेवढाच त्या उंचीचा तिला झालेला फायदा.

ती तक्रार करणारी बाई नव्हती, हे वाक्य मी पूर्वी अभिमानाने म्हणायचो. आता ते उच्चारताना कळतं, की ते तिचं वर्णन नसून माझी सोय होती. तक्रारीऐवजी ती इस्टिमेट काढायची. दोन-तीन वर्षांतून एकदा उत्तम मिस्त्रीला बोलवायची, ओटा फोडून खाली घ्यायला काय लागेल ते विचारायची. तो कॅलेंडरच्या उलट्या पानावर लिहून द्यायचा: फोडाई, विटा, सिमेंट, फरशी, नळाचं काम, मलबा उचलायची गाडी. उंचीपुढची जागा तो कोरी ठेवायचा. "ते कामाच्या दिवशी घेऊ, वहिनी. उभं राहिलं की दोन मिनटाचं काम." ते पान माझ्या टेबलावर येऊन पेपरवेटखाली बसायचं. आई होती तोवर आईच्या मापाला हात लावता येत नव्हता. आई गेल्यावर वर्षश्राद्ध व्हायचं होतं. मग मुलाचं पुण्याचं शिक्षण आलं. नंतर कारण शोधायची गरजच उरली नाही, कारण मंदाने विचारणं सोडलं. कामाचा दिवस काही उगवला नाही.

गेल्या हिवाळ्यात ती अमरावतीच्या एका दवाखान्यात तीन आठवडे होती. अमरावती तिचं माहेर; खिडकीतून ओळखीचं आकाश दिसतं, एवढ्यावर ती खूष होती. तिथल्या खाटेला एक दांडा होता. तो फिरवला की खाट वर येई, खाली जाई. पहिल्या दिवशी मी तो फिरवून विचारलं, "इतकी ठीक आहे?" तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मापाने वरखाली केलेली आयुष्यातली पहिलीच वस्तू होती ती. सत्तावीस वर्षांत तिने मला एकही टोमणा मारला नव्हता. त्या दिवशीही मारला नाही. डोळे मिटून म्हणाली, "हो, आता बराबर हाय."

ती गेल्यानंतर चार महिन्यांनी कडप्प्याला सिंकपाशी तडा गेला. पाणी खाली झिरपू लागलं, खालच्या फळ्या फुगल्या. ओटा बदलण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून उत्तम मिस्त्री आला. आता त्याचेही केस पांढरे. टेप लावून त्याने सगळं लिहिलं: लांबी, रुंदी, ग्रॅनाइट चौरस फुटाच्या भावाने, कडेची गोलाई, सिंकची खाच. मग पेन्सिल कानामागे खोचून म्हणाला, "चला सर, आता सैपाक तुमीच करता. उभे राहा भिंतीशी."

"माझं नको," मी म्हणालो. "मंदाच्या मापानं कर."

त्याने कानामागची पेन्सिल परत हातात घेतली. मग हळूच म्हणाला, "सर, वहिनीचं माप म्या कधी घेतलंच नाई."

मी सांगू पाहिलं आणि मला सांगता येईना. तिची उंची मला माहीत नव्हती. हात अधांतरी धरून मी म्हणालो, "इथवर यायचा तिचा कोपर." मग म्हणालो, "नाही, इथवर." हात दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबायचा. जुने फोटो काढून पाहिले, तर ती सगळीकडे बसलेली. सेमाडोहच्या जंगलातल्या एकाच फोटोत माझ्या शेजारी उभी आहे, आणि तिथे माझ्या बरोबरीने दिसावं म्हणून एका ओंडक्यावर चढलेली.

तेवढ्यात दाराशी भाजीवाल्या सुभद्राबाईंची हाक आली. डोक्यावरचं टोपलं एकट्याने उतरत नाही, समोरून दुसरं कुणी धरावं लागतं. इतकी वर्षं ते मंदा धरायची, आता मी धरतो. "सावकाश, सर! तुमी लय उंच, टोपलं तिरपं होते," त्या ओरडल्या, तोवर दोन वांगी पायरीवर घरंगळली होती. "बाई धरत त पालकाचं पान हालत नोतं."

मी टोपलं पायरीवर टेकवलं. मिस्त्रीही बाहेर आला होता. त्याने त्यांना काय अडलं आहे ते सांगितलं. सुभद्राबाईंनी पदराला हात पुसले, चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. हात कोपरात दुमडला.

"घे माह्यं माप. अन् बोटभर खाली धर. बाई माह्यावून बोटभर कमी होत्या."

मिस्त्रीने चार बोटं लावली, मग आणखी एक लावलं, आणि रेघ मारली. जुन्या ओट्यापेक्षा पाच इंच खाली. सुभद्राबाई त्या रेघेकडे पाहून डोळे पुसत बाहेर गेल्या.

"तुमाले वाका लागन, सर," मिस्त्री म्हणाला.

"वाकीन. खाली घेण्याचे किती वाढतील, तेही लिही."

"खाली घ्यायचे पैसे नसतेत, सर. विटाचा एक थर कमीच लागते." कागदाची घडी घालत, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "तवाबी कमीच लागला असता."

तो गेला. भिंतीवर पेन्सिलीची एक फिकट रेघ आहे आणि तिच्यापाशी कुणी उभं नाही. माणूस गेल्यावर मागे पोकळी उरते असं म्हणतात, आणि पोकळी म्हटलं की मला नेहमी काहीतरी अथांग, आकाशाएवढं डोळ्यांपुढे यायचं. माझ्या घरातली पोकळी पाच इंचांची आहे. तिच्यात मंदाची सत्तावीस वर्षं मावली, आणि आता माझी जी काही उरली असतील, तीही मावतील.