जांभळ्या दोऱ्याचं वर्ष

टेलरबाईला कोणी कमी लेखलं की तिच्या नाकाला मिरच्या झोंबत. पण नागरिकत्वाच्या कचेरीतल्या साहेबबाईंनी तिला कमी लेखलं नव्हतं. त्यांनी फक्त फाईल तिच्याकडे वळवली आणि एका रिकाम्या रकान्यावर पेनाचं टोक टेकवलं.

"हे चौदा महिने तुम्ही कुठे होता?"

"इथेच होते."

"कागद?"

"कागद नाही. मी होते."

साहेबबाई हसल्या नाहीत, पण चिडल्याही नाहीत. दहा वर्षं सलग, हा नियम त्यांनी केला नव्हता. टेलरबाईला या देशात येऊन बारा वर्षं झाली होती. पहिली दोन गणवेशाच्या कारखान्यात गेली, त्याचे कागद होते. नंतरची जवळजवळ नऊ स्वतःच्या दुकानात, त्याचेही होते. मधले चौदा महिने कारखाना बंद पडल्यावर तिने एका म्हाताऱ्या मास्तरच्या दुकानात, मागच्या खोलीत, पडद्याआड बसून काढले होते. तिथे तिचं नाव कुठेच नोंदलेलं नव्हतं आणि मास्तर आता हयात नव्हता. मधला सांधा सुटला की आधीची वर्षंही हिशेबातून जाणार, आणि मग पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

"एक माणूस आणा," साहेबबाई म्हणाल्या. "इथला नागरिक, नात्यातला नसलेला. त्या काळात तुम्ही इथे होता हे त्याने शपथेवर सांगायचं. आणि नुसतं तोंडी नको, त्या महिन्यांतली दाखवण्यासारखी एखादी खूण हवी, एक पुरेल. शुक्रवारी फाईल बंद होईल."

दुकानात परत आली तेव्हा लेक तिची वाटच बघत होती. वीस वर्षांची ही पोरगी इथल्या शाळेत शिकली म्हणून गेल्या वर्षीच नागरिक झाली होती. नवरा केव्हाच परत गेला होता, आणि त्याच्याबद्दल या घरात कोणी बोलत नसे. म्हणजे दोन माणसांच्या घरात एक जण घरचं आणि एक पाहुणं. लेक हे चेष्टेत म्हणायची, पण टेलरबाईला ते आतून लागायचं.

"आई, एक पावती नाही? एक वही?"

"आमच्यात वही नसते."

हे खरं होतं. टेलरबाईच्या वडिलांची रीत वेगळी होती. शिवलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या प्रत्येक कपड्याच्या अस्तरात, बगलेखाली, रंगीत दोऱ्याचे बारीक टाके घालायचे. दर वर्षाला एक रंग ठरलेला, आणि जितवा महिना तितके टाके. कपडा परत आला की अस्तर उलटून बघायचं, कुणाच्या हातचं आणि कधीचं ते कळतं. वर्षांचे रंग तिने एका पांढऱ्या पट्टीवर ओळीने टाचून ठेवले होते. त्या चौदा महिन्यांतल्या मुख्य वर्षाचा रंग जांभळा होता.

"म्हणजे पुरावा लोकांच्या कपाटात आहे," लेक म्हणाली आणि तिने कपाळाला हात लावला. "आणि ते लोक कोण, हे तुला माहीत नाही. कारण तू पडद्याआड."

"एक जण माहीत आहे," टेलरबाई म्हणाली.

एकच गिऱ्हाईक तेव्हा पडदा सारून आत आलं होतं. मास्तरसमोर कोट उतरवायला तयार नसलेली एक बाई. गडद हिरवा कोट घेऊन ती तीनदा आली, आणि तिन्ही वेळा तो शिवणीत आत घेऊन लहान करावा लागला, कारण ती झपाट्याने वाळत होती. तिला आजार कळला होता, पण घरी कळू द्यायचा नव्हता. कोट सैल दिसला असता तर नवऱ्याला संशय आला असता. "यांना सांगू नकोस कधी," ती म्हणाली होती, आणि टेलरबाईने शब्द दिला होता. पुढे स्वतःचं दुकान थाटलं, तेव्हा समोरच्या खिळे-मोळ्यांच्या दुकानात तिला त्याच बाईचा हार घातलेला फोटो दिसला.

त्या दुकानाचा मालक म्हणजे लेकीचे खिळेकाका. हे नाव लेकीने ठेवलं होतं, आणि ते जितकं त्यांच्या मालावरून होतं तितकंच त्यांच्या टोचऱ्या जिभेवरून. गल्लीतल्या दुकानदारांच्या पहिल्याच बैठकीत ते टेलरबाईकडे बोट करून म्हणाले होते, "कोण कुठली, कधी आली, कुणाला माहीत? उद्या बोचकं उचलून जातील ही माणसं." टेलरबाईनेही तिथल्या तिथे सुनावलं होतं की माझं मशीन तुमच्या वजनकाट्यापेक्षा जड आहे, ते काखेत मारून कुठे जाऊ? गल्ली पोट धरून हसली आणि दोघांचं बोलणं तेव्हापासून बंद झालं. तिची इतक्या वर्षांत हजारदा इच्छा झाली होती की रस्ता ओलांडावा आणि सांगावं, कधी आले ते तुमच्या बायकोला माहीत होतं. एकदाही सांगितलं नाही.

आता शब्द मोडायचा की वर्षं घालवायची? दोन दिवस तिने विचार केला, तीन पँटी चुकीच्या उंचीला कापल्या आणि स्वतःवरच भडकली. शेवटी तिने ठरवलं की काहीही लपवून मागायचं नाही. आधी सावध करायचं, मग खिळेकाकांनी ठरवायचं.

बुधवारी भर दुपारी ती रस्ता ओलांडून गेली. खिळेकाका वजनकाट्यावर स्क्रू ओतत होते.

"काका, तुमच्या घरात एक हिरवा कोट आहे. डाव्या खिशाचं अस्तर तपकिरी."

त्यांचा हात थांबला. "तुम्हाला कसं माहीत?"

"तो खिसा मी लावलाय. नऊ वर्षांपूर्वी. मी तेव्हा इथे होते हे मला कचेरीत दाखवायचंय, आणि माझ्याकडे दुसरं काही नाही. पण आधीच सांगते, त्या कोटात तुमच्या बायकोची एक गोष्ट आहे. ती तुम्हाला कळू नये अशी त्यांची इच्छा होती. तुम्ही नको म्हणालात तर मी आल्या पावली परत जाईन, आणि पुन्हा कधी विचारणार नाही."

खिळेकाकांनी उरलेले स्क्रू डब्यात टाकले. मग त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. भर दुपारी ते शटर खाली आलेलं गल्लीने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या एका गालाला साबण लावून तसाच बाहेर आला.

कोट वरच्या मजल्यावर कपाटात होता, कापडी पिशवीत घालून ठेवलेला. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि स्वतः दोन पावलं मागे सरकले.

"उसवा," ते म्हणाले.

टेलरबाईने बगलेखालची शिवण अलगद उसवली आणि अस्तर उलटलं. जांभळा दोरा जसाच्या तसा होता. एका जागी एक टाका, त्याखाली तीन, त्याखाली चार.

"जानेवारी, मार्च आणि एप्रिल," ती म्हणाली. "तिन्ही वेळा कोट आत घेतला. पहिल्यांदा दोन बोटं. शेवटी चांगला वीतभर."

खिळेकाका खुर्चीत बसले. त्यांनी एका बोटाने ते टाके वरून खाली मोजले.

"जानेवारी," ते म्हणाले. "मला जूनमध्ये कळलं. थंडी गेली तरी कोट काढत नव्हती, मला वाटलं हिला गारठा सोसत नाही. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाला, बाई तुमच्या डोळ्यांदेखत निम्मी झाली, तुम्हाला दिसलं कसं नाही? नऊ वर्षं हेच चाललंय डोक्यात. दिसलं कसं नाही. माझं लक्षच नव्हतं का तिच्याकडे?"

"दिसू नये म्हणूनच तर त्या यायच्या," टेलरबाई म्हणाली. "खांद्यात मी पातळ कापूस भरला. कंबर अशी घेतली की बटणं जागची हलली नाहीत. काका, तुमचं लक्ष होतं. तुमचं लक्ष आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर एवढा खटाटोप. तुम्हाला दिसलं नाही, कारण मी काम चांगलं केलं होतं."

त्यांनी मान वर केली. डोळे भरले होते आणि चेहऱ्यावर रागही होता.

"तुम्ही केलंत हे. माझ्यापासून लपवायला मदत केलीत."

"केली. त्यांनी मागितली, मी केली. चुकलं असेल तर ते माझं. तुमचं नाही."

माफी मागायला ती आली नव्हती, आणि खोटी माफी तिला जमलीही नसती. त्या माणसाची तिला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून दया आली, आणि ती तिने चेहऱ्यावर दिसू दिली नाही. दया दाखवलेली त्यांना चालली नसती, हे तिला स्वतःवरून कळत होतं.

"काय बोलायची ती तुमच्याशी?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याबद्दलच. म्हणायच्या, घरात नवे पडदे लावले तर यांना आठ दिवसांनी दिसतात. पण माझा चेहरा जरा उतरला तर दारातूनच विचारतात. म्हणून चेहऱ्याला रंग लावते आणि अंगाचं तू बघ."

खिळेकाका हसले आणि हसता हसता रडले. टेलरबाई उठून खिडकीशी गेली. खाली न्हावी अजून तसाच उभा होता आणि त्याच्या मागे गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईकही आलं होतं.

"शुक्रवारी किती वाजता?" मागून आवाज आला.

शुक्रवारी साहेबबाईंनी कोट पाहिला, रंगांची पट्टी पाहिली, चष्मा पुसून दोन्ही पुन्हा पाहिलं. लेक मागच्या बाकावर नखं खात बसली होती.

"हे टाके काल घातले नाहीत कशावरून?"

खिळेकाकांनी खिशातून एक फोटो काढला. पुतणीच्या लग्नातला, कोपऱ्यात तारीख छापलेली, त्याच वर्षाच्या एप्रिल अखेरची. त्यात त्यांची बायको हिरव्या कोटात उभी होती, अंगाला बेतून शिवल्यासारख्या नीटस कोटात. साहेबबाईंनी टेबलावरच्या कोटाची कंबर टेपने मोजायला लावली. ती फोटोतल्या वाळलेल्या अंगाइतकीच अरुंद निघाली, म्हणजे कोट तेव्हाच आत घेतलेला होता. मग टेलरबाईच्या हातात सुई-दोरा देऊन एका कापडाच्या तुकड्यावर तसेच चार टाके घालायला लावले. टेलरबाईने ते बोलता बोलता घातले. साहेबबाईंनी दोन्ही टाके शेजारी धरले आणि मान हलवली.

"ठीक आहे. आता तुम्ही सांगा, शपथेवर. त्या वर्षी या बाई इथे काम करत होत्या, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"नाही," खिळेकाका म्हणाले.

लेक बाकावरून अर्धी उठली.

"मी पाहिलं नाही. तेच सांगायला आलोय. माझी बायको पाच महिने माझ्यासमोर वाळत होती, आणि रोज सकाळी मला दारापर्यंत सोडायला यायची. मी एवढासा खिळा अर्धा सूत आखूड असला तरी नजरेने ओळखतो. आणि मला तिचं दुखणं दिसलं नाही. ते ज्या हातांनी झाकलं ते हे हात. मास्तरचे नव्हेत, त्याच्याकडून मी पँटी शिवून घेतल्यात, त्याचं काम किती ओबडधोबड ते मला माहीत आहे. या बाई तेव्हा इथे नसत्या, तर मला जानेवारीतच कळलं असतं."

साहेबबाईंनी फाईल पुढे ओढली आणि त्या रिकाम्या रकान्यात, मोठ्याने उच्चारत, सावकाश लिहिलं, "या चौदा महिन्यांत अर्जदार याच गावात शिलाईकाम करत होत्या." मग त्यांनी पेन खिळेकाकांच्या हातात दिलं. "बरोबर असेल तर खाली सही करा."

खिळेकाकांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि पेन खाली ठेवलं.

"अपुरं आहे," ते म्हणाले. "'उत्तम' लिहा. उत्तम शिलाईकाम."