राखाडी कोटातला माणूस

शनिवारी दुपारी तीन वाजता, बाजारपेठेच्या टोकाला असलेल्या जुन्या चित्रपटगृहात, महोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी, अंध प्रेक्षकांनाही पाहता येईल असा पहिला खेळ व्हायचा होता. ज्या केबिनमधून तो दाखवला जाणार होता, तिथे चौतीस वर्षे यंत्र चालवलेला ऑपरेटर त्या दिवशी खाली, सातव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसला होता. आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता तो चित्रपटासाठी नव्हे, शेजारी बसलेल्या बायकोसाठी.

काचबिंदूने त्याची दृष्टी नेली त्याला अकरा वर्षे झाली. पहिली चार वर्षे दोघे नेमाने चित्रपटाला जात. ती त्याच्या कानाशी लागून सांगे: आता ती उठली, खिडकीशी गेली, पत्र फाडलं. पुढच्या रांगेतून कोणी ‘शू’ करी, मागून कोणी खुर्चीला लाथ मारी. एकदा एका गृहस्थाने, गप्पा मारायला घरी जागा नाही का, असे विचारले, तेव्हा तिने, जागा आहे पण पडदा नाही, असे उत्तर दिले. त्यानंतर मात्र जाणे आपोआप थांबले. त्या चार वर्षांत एक गोष्ट ऑपरेटरच्या ध्यानात आली होती. ती सांगत असे, पाहत नसे. रडण्याच्या जागी ती कधी रडली नाही, कारण गळा दाटला असता तर पुढचे वाक्य अडले असते. आपले डोळे गेले ते गेलेच, पण आपण तिचेही दोन वापरायला घेतले, हा सल त्याच्या मनातून जात नसे. तो बोलून दाखवण्याचीही सोय नव्हती; ‘काहीतरीच तुमचं’ म्हणून तिने विषय मिटवला असता. परक्या कोणी तो भार उचलावा आणि तिला एक चित्रपट, एकच, तिचा म्हणून पाहता यावा, एवढेच त्याचे मागणे होते.

भार उचलला होता एका निवेदिकेने. रेडिओवर बातम्या वाचण्यात तिची उमेदीची वर्षे गेली होती. संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय चालले आहे ते ती थोडक्यात सांगणार, आणि ज्यांना हवे त्यांनाच ते कानातल्या यंत्रातून ऐकू येणार. शेजारच्याला पत्ताही लागणार नाही. चित्रपट होता होडी चालवणाऱ्या एका बाईचा. लहानपणी तिच्या धाकट्या भावाची करंगळी होडीच्या दोरात सापडून तुटते; पुढे तो घर सोडून जातो. वर्षे लोटतात, आणि राखाडी कोटातला एक माणूस रोज तिच्या होडीतून पलीकडे जाऊ लागतो.

दहा दिवसांपूर्वी ध्वनिमुद्रण पारखायला ऑपरेटरला बोलावले होते. आवाज स्वच्छ, वाक्ये आटोपशीर. तो कानात प्राण आणून ऐकत होता. विसाव्या मिनिटाला निवेदिकेचा आवाज म्हणाला, ‘‘भाऊ होडीत चढतो.’’ ऑपरेटरने यंत्र कानातून काढले.

‘‘बाई, हा भाऊ आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?’’

‘‘काका, भाऊच आहे तो.’’

‘‘असेल. पण डोळस लोकांना ते कधी कळतं?’’

कळते ते शेवटच्या पाच मिनिटांत, आणि तेही एका शब्दाशिवाय: तो हातमोजा काढतो, बस. निवेदिकेने हा चित्रपट सतरा वेळा पाहिला होता. एकेक शब्द घासूनपुसून बसवताना तो माणूस तिला कधी अनोळखी वाटेनासा झाला, हे तिचे तिलाच उमगले नव्हते. मेहनत कमी केली असती तर हा घोळ झालाच नसता.

महोत्सवाच्या व्यवस्थापकाने कपाळाला हात लावला. स्टुडिओ आता मिळण्यासारखा नव्हता. आजवर या मंडळींना काहीच मिळत नव्हते, आता पुष्कळ मिळते आहे, तेव्हा एका वाक्याकडे काणाडोळा करावा, असे त्याने सुचवले.

‘‘साहेब, आंधळा एक डोळा मागतो हे खरं,’’ ऑपरेटर म्हणाला. ‘‘शेवट आधी सांगा, असं काही तो मागत नाही.’’

व्यवस्थापकालाही हसावे लागले. मग ऑपरेटरनेच वाट काढली. केबिनमध्ये त्याच्या स्टुलासमोर एक झरोका होता. तिथून सबंध पडदा दिसे. निवेदिकेने माईक घेऊन तिथे बसावे आणि खेळ चालू असताना, समोर पाहून सांगावे.

ती घाबरली. हातमोज्याच्या जागी क्षणभर आधी बोलले तर गुपित फुटणार. क्षणभर उशीर झाला तर सारे सभागृह हळहळून मोकळे होणार आणि कानात यंत्र घातलेली नऊ माणसे काय झाले म्हणून विचारत बसणार. ऑपरेटरने तिला आपल्या धंद्यातली एक रीत सांगितली. पूर्वी रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमके, आणि त्या ठिपक्यावर दुसरे यंत्र चालू करायचे. नवखा माणूस तिथे सहसा चुकत नसे, तो डोळ्यांत तेल घालून बसे. चुके तो शंभरदा खेळ दाखवलेला, कारण त्याचा हात ठिपक्याच्या आधीच खटक्यावर जाई.

‘‘मी स्वतःला एकच बजावायचो,’’ तो म्हणाला. ‘‘ठिपका दिसेपर्यंत तुला काहीही माहीत नाही.’’

शनिवारी दिवे मालवले. पहिल्या प्रसंगातच बायकोचे तोंड सवयीने त्याच्या कानाशी आले. त्याने तिच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हटले, ‘‘तू बघ.’’ थोड्या वेळाने ते पुन्हा आले. मग आले नाही.

विसाव्या मिनिटाला फळीवर पावले वाजली. कानात काहीच आले नाही. मग आवाज आला: ‘‘राखाडी कोटातला एक माणूस होडीत चढतो.’’ पुढचा दीड तास निवेदिकेने ताकास तूर लागू दिली नाही. तो माणूस बसला, उतरला, पाण्याकडे पाहत राहिला, आणि ऑपरेटर इतरांसारखाच, हा कोण असावा, या विचारात गुंतला. आपल्याला उत्तर ठाऊक आहे हे तो विसरूनच गेला होता.

वल्ह्यांचा आवाज थांबला. ‘‘तो उजवा हातमोजा काढतो,’’ निवेदिका म्हणाली. ‘‘करंगळी नाही.’’

सभागृहात एकदमच श्वास रोखले गेले, आणि त्यांत ऑपरेटरचाही होता, तोही त्याच क्षणी, कोणाच्या मागून नव्हे. पण त्याचे लक्ष दुसरीकडे होते. शेजारी पिशवीची चेन उघडली, रुमाल निघाला, आणि त्याची बायको रडू लागली; आपण त्याला काही सांगायला हवे, याची तिला शुद्धच नव्हती. ते रडणे त्याने नीट, शेवटपर्यंत ऐकले. मग मागे वळून त्याने वरच्या झरोक्याच्या दिशेने हात जोडले. तिथून खालच्या माणसांच्या पाठीच तेवढ्या दिसतात, हे तो चौतीस वर्षांच्या अनुभवाने जाणून होता. वळलेला चेहरा एखादे वेळी दिसेल, असे त्याला वाटले.

निवेदिका धापा टाकत जिना उतरली आणि जमले का म्हणून विचारू लागली. ऑपरेटरने बायकोकडे हात केला.

‘‘हिला विचारा,’’ तो म्हणाला. ‘‘आज हिने पाहिलाय.’’

बायकोने डोळे पुसले, रुमालाची घडी घातली आणि क्षणभर विचार केला. त्या चार वर्षांत पडद्यावर काय आहे ते तिने असंख्य वेळा सांगितले होते. स्वतःला काय वाटले, ते एकदाही नाही.

‘‘चांगला आहे,’’ ती म्हणाली. ‘‘पण मधली पंधरा मिनिटं कापायला हवी होती.’’