नऊ नंबरचा प्रश्न

सदाशिव पेठेतल्या आनंद सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नवी बॅच आली की चोवीसच्या चोवीस मशिनं पुसून नव्याने लावावी लागत. आधीच्या पोरांनी त्यांत गेम, गाणी, व्हायरस असं काय काय भरून ठेवलेलं असे. सीडी घातली की मशीन प्रश्न विचारू लागे. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, गाव कोणतं, डिस्क पुसू का? एका मशीनचे तेवीस प्रश्न, आणि समोर बसून कुणी उत्तर देईपर्यंत ते हटून बसणार. सोयरीक जुळवतानासुद्धा माणसं इतक्या चौकशा करत नाहीत.

ही उत्तरं द्यायचं काम सोजरबाईंचं होतं.

बाई लोणी काळभोरच्या. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजीशी ओळख नाही. अठ्ठ्याण्णव साली त्या क्लासमध्ये झाडू मारायला लागल्या. तेव्हाचा इंजिनिअर ऋषी या प्रश्नांना इतका विटला होता की एक दिवस त्याने बाईंच्या हातचा झाडू काढून घेतला आणि खुर्ची पुढे सरकवली. "मावशी, निळा चौकोन आला की एंटर. लाल आला की आधी हा बाण, मग एंटर." सत्यनारायणाला बसलेला यजमान अर्थ न कळता गुरुजींच्या मागे 'मम' म्हणत जातो, तशा बाई मशीनला मम म्हणू लागल्या. पण चुकल्या कधी नाहीत. पुढे ऋषी अमेरिकेला गेला आणि हजेरीपटावर सोजरबाईंच्या नावापुढचं 'सफाई' खोडून 'लॅब सहायक' लिहिलं गेलं. झाडायला दुसरी बाई आली. सोजरबाईंना चाकांची खुर्ची मिळाली. गावात बायका म्हणायच्या, "सोजर आता कॉम्प्युटरवर हाय." हे कानावर पडावं म्हणून बाई नळावर मुद्दाम गर्दीच्या वेळी जात.

आणि दोन हजार एक साली श्रद्धा आली. यवतमाळकडची, नवी इंजिनिअर, उत्साहाने नुसती ओसंडत असलेली.

"एवढे प्रश्न हाताने?" ती सरांना म्हणाली. "उत्तरं एकदाच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची, सर. मशीन विचारेल, फाइल उत्तर देईल. तासाभरात चोवीस मशिनं तयार."

"उत्तम," सर वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले. "म्हणजे बाई पुन्हा झाडझूड बघतील. दोन बायकांची गरज आपल्याला नव्हतीच, फक्त ते कळायला तुम्हाला यावं लागलं."

सोजरबाईंनी आपली चाकांची खुर्ची हळूच जवळ ओढून घेतली.

त्याच दुपारी श्रद्धा त्यांच्याशेजारी बसली. बाई एक नंबरच्या मशीनवर एकेक प्रश्न उरकत होत्या आणि ती प्रत्येक उत्तर टिपून घेत होती. शेवटी तिने विचारलं, "मावशी, सगळी मशिनं सारखीच ना?"

सारखी नव्हती. नऊ नंबरच्या पोटात दुसरी डिस्क होती आणि साऱ्या मुलांचे प्रोजेक्ट तिच्यावर ठेवलेले असत. ऋषीने बजावलं होतं, नऊवर लाल चौकोन आला की बाणाला हात लावायचा नाही, नाहीतर पोरांचं सगळं काम जाईल. बाणाची ही गोष्ट आता फक्त सोजरबाईंना ठाऊक होती.

"सारखीच हायती," बाई म्हणाल्या.

एकदा फजिती झाली की ही पोरगी फाइलचा नाद सोडेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पण त्या दिवशी संध्याकाळी बाई नळावर गेल्याच नाहीत. आपण वाईट वागलो हे त्यांना पक्कं कळत होतं.

शनिवारी सकाळी मशिनं लावायची होती. आधीच्या बॅचमधली हेमा दारात डोकावली. कसब्यात बांगड्यांच्या दुकानात कामाला राहून, उरलेल्या वेळात तिने चार महिने प्रोजेक्ट केला होता. "मावशी, सोमवारी परीक्षक येणारेत. माझं काम नऊवर नीट आहे ना?"

"हाय की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नजर वळवली.

श्रद्धाने एकेक करत चोवीस मशिनं चालू केली. पडद्यांवर प्रश्न येत होते आणि कुणीही हात न लावता पुढे सरकत होते. निळा चौकोन, पुन्हा निळा, पुन्हा निळा. लाल आठवा असतो. बाई मनात मोजत होत्या. नऊवर सहावा आला तशा त्या धावल्या आणि त्यांनी नऊ नंबरची वायर भिंतीतून उपटून काढली.

"अहो बाई," सर म्हणाले, "वीज घालवायला मंडळ आहे की! आपण कशाला तसदी घेतलीत?"

"मी खोटं बोलले," बाईंना रडू फुटलं. "नऊमधी पोरांचं काम हाय. फाइलीनं समदं पुसलं असतं. माझी खुर्ची जाईल म्हनून मी बोलले न्हाई."

श्रद्धाचा चेहरा उतरला. तिने नऊ नंबर उघडून तपासला. हेमाचा प्रोजेक्ट जागेवर होता. मग ती बाईंकडे वळली. "आता रडता कायले, मावशी? चूक माझीही आहे. एक मशीन पाहिलं आणि चोवीसांची उत्तरं लिहून मोकळी झाले." आणि सरांना म्हणाली, "सॉफ्टवेअर बदललं की प्रश्न बदलणार, फाइल दरवेळी नव्याने लिहावी लागणार. ती मावशी लिहितील."

"त्यांना इंग्रजी येत नाही."

"मी शिकवते."

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "शिकवा. आणि बाई, यापुढे काही सांगायचं असेल तर तोंडाने सांगत चला. वायरी महाग झाल्यात."

जेवणाच्या सुट्टीत अक्षरओळख सुरू झाली. डबा एका बाजूला, वही दुसऱ्या बाजूला. डिसेंबरच्या बॅचची फाइल बाईंनी स्वतः, एकेक अक्षर शोधत, तीन दिवसांत टाइप केली. नऊ नंबरसाठी डिस्कचं उत्तर त्यांनी मुद्दाम रिकामं ठेवलं. उत्तर लिहिलेलं नसलं की मशीन थांबून माणसाला विचारतं, हे श्रद्धाने सांगितलं होतं.

तासाभरात तेवीस मशिनं तयार झाली. नऊ नंबर लाल चौकोन दाखवत थांबलं होतं. बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. सवयीने हात एंटरकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. पडद्यावर बोट ठेवून त्या इंग्रजी शब्द जुळवू लागल्या. सगळ्या. डिस्क. पुसू. का? तीन वर्षं त्या या चौकोनाला उत्तर देत होत्या, त्यात लिहिलंय काय ते आज पहिल्यांदा वाचत होत्या.

"न्हाई रं बाबा," त्या मशीनला मोठ्याने म्हणाल्या, "पोरांचं काम हाय त्यात." आणि बाणाला हात न लावता त्यांनी एंटर दाबलं.