दोन किल्ल्यांची तिजोरी

मी तिजोरी बोलतेय. तिजोरी म्हटलं की तुमचे डोळे लगेच चमकतात, मला ठाऊक आहे. पण उगाच आशेला लागू नका. माझ्या पोटात ना सोनं आहे, ना नोटांची पुडकी. एका वकिली कार्यालयात, खिडकी आणि पाण्याचा फिल्टर यांच्या मधल्या कोपऱ्यात मी उभी असते आणि लोकांच्या घरांचे मूळ कागद सांभाळते.

माझा जन्म एका दणदणत्या कारखान्यात झाला. दोन पोलादी पत्र्यांच्या मधे आग रोखणारी भुकटी ठासून भरली, वर राखाडी रंग दिला आणि दारावर दोन कुलुपं बसवली. एक उजव्या टोकाला, दुसरं डाव्या टोकाला. वजनाचं म्हणाल तर मला या दुसऱ्या मजल्यावर चढवताना सहा हमालांनी प्रत्येक पायरीवर माझा उद्धार केला. शेवटी दाराची चौकट काढली, तेव्हा कुठे माझा गृहप्रवेश झाला.

मला इथे आणलं ते बँकेच्या हट्टापायी. घरासाठी कर्ज देताना बँक कागद तपासायला वाटेल त्या वकिलाकडे जात नाही. तिची स्वतःची एक यादी असते, तिला पॅनेल म्हणतात. यादीत नाव असेल तर कामाला तोटा नाही, नसेल तर माशा मारत बसा. त्या यादीत शिरायच्या ढीगभर अटी होत्या आणि त्यातली एक अट म्हणजे मी. आगीला दाद न देणारी तिजोरी, तिला दोन कुलुपं, आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या भागीदारांकडे. कुणा एकाला मला उघडता येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

माझ्या मालकिणी दोघी. कॉलेजात एका बाकावर बसायच्या, मग एकीने दुसरीच्या भावाशी लग्न केलं. त्यामुळे कार्यालयात दोघी भागीदार आणि घरी नणंद-भावजय. भावजय नणंदेला चेष्टेने 'वन्सं' म्हणते आणि मुद्दाम अहो-जाहो करते. गोष्ट गंभीर झाली की मात्र सरळ 'तू' वर येते. नणंद तिला 'वहिनी' म्हणते. मीही तेच म्हणते. एका छताखाली राहायचं तर नाती पाळायला हवीत.

सुरुवातीला सगळं अगदी नियमात चालायचं. सकाळी दोघी दोन बाजूंना उभ्या राहायच्या, वन्सं म्हणायच्या, "एक, दोन," आणि दोन्ही किल्ल्या एकदम फिरायच्या. मला फार थाटाचं वाटायचं.

मग वहिनींच्या मुलीला कांजिण्या आल्या. वहिनी पंधरा दिवस घरी. जाताना त्यांनी आपली किल्ली वन्संच्या हाती दिली. वन्संनी हरवू नयेत म्हणून दोन्ही किल्ल्या एकाच कडीत अडकवल्या, त्या कडीला एक लाकडी मासा लावला आणि तो मासा कॅलेंडरमागच्या खिळ्याला टांगला. मुलगी बरी झाली, शाळेत गेली, तिची उंची वाढली, मासा तिथेच. जिला काम असेल तिने मासा काढायचा, दोन्ही हात फाकवायचे आणि मला कवेत घेतल्यासारखं करून दोन्ही किल्ल्या फिरवायच्या.

खरं सांगते, मला ते आवडायचं. तिजोरीला कोण मिठी मारतं? मी गप्प बसले. म्हणजे गुन्ह्यात माझाही वाटा आहे.

दरवर्षी बँकेचा नूतनीकरणाचा फॉर्म यायचा. सनद चालू आहे का, विमा भरला का, यंदा प्रशिक्षणाला किती तास बसलात, कुणाची तक्रार आहे का, सह्या कोण करणार. त्या आठवड्यात कार्यालयात नुसती धांदल. परक्यांचे तीस-तीस वर्षांचे कागद चुटकीसरशी शोधणाऱ्या या बायकांना स्वतःच्या विम्याचा कागद कधी म्हणून वेळेवर सापडला नाही. कारकून काका टेबलाखाली शिरून शोधायचे. त्याच फॉर्मवर सतराव्या ओळीत प्रश्न असायचा: दोन्ही किल्ल्या दोन वेगळ्या भागीदारांकडे आहेत का? त्यापुढे दरवर्षी 'हो'. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. किल्ल्या दोन, भागीदार दोघी, मग झालं की! अशिलाला स्वल्पविरामही वाचल्याशिवाय सही करू न देणाऱ्या या दोघींनी ती ओळ सहा वर्षं वाचलीच नाही.

यंदा फॉर्मऐवजी तपासनीसच येतो म्हणून बँकेने कळवलं. सोमवारी अकरा वाजता.

त्याच आठवड्यात एका बसड्रायव्हरचं आणि त्याच्या नर्स बायकोचं काम शेवटाला आलं होतं. त्यांना तळमजल्यावरचं घर मिळत होतं. तळमजलाच हवा होता, कारण त्याच्या आईला जिने चढवत नव्हते. गेलं वर्षभर म्हातारी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. घर विकणारे गृहस्थ शुक्रवारपर्यंत थांबणार होते, त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. घराचे कागद निर्दोष आहेत असा वन्संच्या सहीचा दाखला बँकेत गेला की कर्ज सुटणार. नर्सबाई तीनदा येऊन विचारून गेल्या, "शुक्रवारी नक्की ना हो?" आणि वहिनी तिन्ही वेळा म्हणाल्या, "अगदी नक्की."

सोमवारी सकाळी वन्सं लवकर आल्या. शेजारच्या गावात नोंदणीचं काम होतं, त्याचा कागद हवा होता. मला मिठी मारली, कागद काढला, मला बंद केलं आणि घाईघाईत मासा खिळ्याऐवजी पर्समध्ये टाकला. मी काय ओरडणार? गाडी निघून गेली.

अकराला तपासनीस आले. कोपऱ्यावर शाई सांडलेली बॅग, बोलणं मृदू. सनद पाहिली, विमा पाहिला, आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीखसुद्धा पाहिली. सगळं चोख. मग माझ्यासमोर उभे राहिले.

"जरा उघडता का?"

वहिनींनी कॅलेंडर उचललं. खिळा रिकामा. त्यांचा चेहरा उतरला. "आमच्या भागीदार बाहेरगावी गेल्यात. दोन्ही किल्ल्या लागतात हो."

तपासनीस खूश! "वा! म्हणजे एकटीला उघडताच येत नाही. आम्हाला हेच तर हवं असतं. मग उघडू नका. तुमच्याकडची किल्ली तेवढी दाखवा, खूण करतो आणि निघतो."

वहिनींच्या पर्समध्ये घराची किल्ली होती. तीही पितळी, तीही लांबट. कारकून काका खोकले आणि भुवया उडवून पर्सकडे खुणा करू लागले. किल्ली लावून तर बघायची नव्हती, नुसती दाखवायची होती! वहिनींचा हात पर्सच्या चेनपर्यंत गेला.

हात परत आला. "माझीही किल्ली त्यांच्याकडेच आहे," वहिनी म्हणाल्या. "सहा वर्षं दोन्ही एकाच कडीत असतात. या खिळ्याला."

"पण फॉर्मवर तर 'हो' आहे."

"न वाचता लिहिलंय. दोघी वकील आहोत, सांगायलाही लाज वाटते."

तपासनिसांनी बराच वेळ पेनाचं टोपण उघडलं-मिटलं. मग लिहिलं: खुलासा मिळेपर्यंत या कार्यालयाची सर्व कामं थांबवावीत.

दुपारी वन्सं परतल्या. ऐकून मटकन खुर्चीत बसल्या. "अगं वहिनी, चार दिवस! चार दिवस गप्प राहिली असतीस तर त्या माणसांचं घर झालं असतं."

"आणि त्या घराच्या दाखल्यावर तू सही केली असतीस," वहिनी म्हणाल्या. 'तू' ऐकून काकांनीही मान वर केली. "आपण बँकेला काय देतो गं? हे खरं आहे, एवढा शब्दच ना? तोच खोटा निघाला तर उरलं काय?"

वन्संनी पर्समधून मासा काढला, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकदम त्यांना हसू फुटलं. "सहा वर्षं मी या बयेला मिठ्या मारतेय! आणि एकानेही विचारलं नाही, हे काय चाललंय म्हणून!" मग वहिनी हसल्या, काका हसले. मला हसता येत नाही, पण माझा कप्पा किंचित वाजला.

मग कामाला लागल्या. वन्संनी खुलाशाचा मसुदा केला, तीन पानं, प्रत्येक वाक्यात 'तथापि'. वहिनींनी कात्री लावली आणि अर्ध्या पानात लिहिलं: आमची चूक झाली, सहाही वर्षांची उत्तरं चुकीची होती, आज किल्ल्या वेगळ्या केल्या. मग दोन दिवस बसून माझ्यातलं एकूण एक पाकीट रजिस्टरशी ताडून पाहिलं. एकही कमी नव्हतं. उलट एक गोष्ट जास्त निघाली: काकांचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा. "म्हणूनच तर सापडेना," काका म्हणाले, "शोधायला चष्मा नको का?"

बुधवारी नर्सबाईंचा फोन आला. वहिनींनी त्यांनाही खरं ते सांगितलं. पलीकडे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर वहिनी डोळे पुसत होत्या.

गुरुवारी तपासनीस पुन्हा आले. वन्संनी पर्समधून एक किल्ली काढली. वहिनींनी गळ्यातल्या गोफातून दुसरी. "एक, दोन," वन्सं म्हणाल्या. किती वर्षांनी ऐकलं मी ते! दार असं झोकात उघडलं की बिजागरीने चूं सुद्धा केलं नाही.

तपासनिसांनी दहा पाकिटं तपासली, यादीवर खूण केली, कामं पुन्हा सुरू करायच्या कागदावर शिक्का मारला. मग हळूच म्हणाले, "या महिन्यात बावीस कार्यालयं बघितली. सगळीकडे सगळं बरोबर! मला तर धास्तीच वाटायला लागली होती." आणि पहिल्यांदाच हसले.

शुक्रवारी सकाळी दाखला बँकेत गेला, दुपारी कर्ज सुटलं. चार वाजता ड्रायव्हर, नर्सबाई आणि घर विकणारे गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. म्हातारीही आली होती. मुलाने पाठुंगळी घेऊन तिला तीन मजले उतरवलं होतं, मग आमचे दोन चढवले. "हे शेवटचे जिने," ती सगळ्यांना सांगत होती. खुर्चीत मावत नव्हती इतकी खुलली होती.

गृहस्थांनी घराच्या किल्ल्यांची कडी टेबलावर ठेवली. नर्सबाईंनी हात पुढे केला, तेवढ्यात वहिनींनी कडी उचलली, नखाने उघडली आणि किल्ल्या सुट्या केल्या. एक ड्रायव्हरच्या हातात, एक नर्सबाईंच्या.

"आणि मला?" म्हातारी म्हणाली.

"तुम्हाला कशाला, आजी?" वन्संनी विचारलं. "तुम्ही तर घरातच असणार."

"आता कशाची घरात असते मी!" आजी म्हणाल्या, आणि सगळी खोली हसली. काका खाली जाऊन तिसरी किल्ली करवून आले.

आता मी म्हातारी झालेय. डाव्या कोपऱ्यातला रंग उडालाय, आणि बरेच कागद हल्ली स्कॅन होऊन थेट बँकेत जातात. कधीतरी मलाही हलवतील. हलवा बापडे, फक्त हमाल दणकट बघा. एकच मागणं आहे. जिथे न्याल तिथे सकाळी दोन माणसं माझ्यासमोर उभी राहू देत आणि कुणीतरी "एक, दोन" म्हणू दे. मिठीची आठवण येते अधूनमधून, नाही असं नाही. पण दोन माणसं एकदम हात लावतात ना, ते त्याहून उबदार असतं.

लाकडी मासा अजून त्याच खिळ्याला आहे. नुसताच.