सिद्धव्वाचे शेवटचे दोन कार्यक्रम

खजुरी गावात कुणी वारलं, की देह भिंतीला टेकवून मांडी घालून बसवत, गळ्यात हार घालत, कपाळाला विभूती लावत आणि सिद्धव्वाला निरोप धाडत. माती होईपर्यंत, म्हणजे देह पुरेपर्यंत, सिद्धव्वा त्या बसलेल्या देहापुढं गात राही. घर कानडी असेल तर कानडी पदं, मराठी असेल तर मराठी. अशा घरांतून गातागाताच तिचं नाव वाढलं. आधी आळंद, मग कलबुर्गी, मग उमरगा, लातूर, सोलापूर. रेडिओवर गेलं, कॅसेटींवर गेलं आणि शेवटी ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही, त्यांच्याही मोबाइलमध्ये जाऊन बसलं. तिच्या आवाजाचं टोक सगळ्यांना माहीत होतं. ओळ वर वर चढत जायची, आता तुटणार असं वाटायचं आणि तिथंच ती स्थिर उभी राहायची. माणसं खाली मान घालून रडायची.

तिच्या उजव्या खांद्यामागं चंद्रम्मा बसायची. ही सिद्धव्वाची धाकटी जाऊ. एकेचाळीस वर्षं तिनं अक्काची पाठ धरली होती. पाठ धरणं म्हणजे काय, तर पुढची बाई ओळीचा पहिला अर्धा भाग गाऊन सोडते, मागची दुसरा अर्धा झेलते. तेवढ्यात पुढची दम घेते. ऐकणाऱ्याला सांधा कळू नये, एकाच गळ्यातून ओळ निघाली असं वाटावं, हे पाठ धरणाऱ्या बाईचं काम. चंद्रम्माचा गळा सिद्धव्वाच्या गळ्यात असा मिसळला होता, की घरातली लेकरंसुद्धा फसायची. मात्र एकेचाळीस वर्षांत चंद्रम्मानं एकही पद सुरुवातीपासून उचललं नव्हतं. ते तिचं कामच नव्हतं.

सिद्धव्वा एकोणऐंशीची झाली. डावा कान गेला होता, उजव्यानं थोडं ऐकू यायचं. दम लागायला लागला होता. तिनं आपणहून सांगितलं, आता बास. ते कळल्यावर टीव्हीवाले खजुरीला आले. म्हणाले, अक्का, शेवटचे दोन कार्यक्रम आम्ही दाखवतो. एक हुलसूरला, तो आधी घेऊन नंतर दाखवू. दुसरा बिदरला, मैलूरच्या सभागृहात, तो मात्र होईल तसा थेट दिसेल. सिद्धव्वा व्हय म्हणाली.

चंद्रम्माला मात्र हे टीव्हीवाले नको होते. कारण एक गोष्ट तिला आणि पेटी वाजवणाऱ्या भीमण्णालाच ठाऊक होती. वर्षभरापासून ते टोक सिद्धव्वाचं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात एका मातीच्या घरी, देहापुढं गाताना, सिद्धव्वाची ओळ वर जाता जाता विरली. चंद्रम्मानं विचार केला नाही. आपली वेळ यायच्या आधीच तिनं ओळ झेलली, टोकावर नेली आणि खाली आणली. सिद्धव्वाच्या उजव्या कानाशी पेटी होती. तिनं समाधानानं मान हलवली. तिला वाटलं, आपणच गेलो वर. पुढच्या वेळीही तसंच झालं, त्याच्या पुढच्याही.

"अक्काला सांग," भीमण्णा म्हणायचा.

"काय सांगू? तुमचा गळा गेला म्हणून सांगू?"

"मग दुसरं कोण सांगल? मला तर पेटीसकट हाकलून देतील."

"मग गप बसा. मी बी गप बसते."

हुलसूरचा कार्यक्रम चांगला झाला. दोघींच्या मध्ये एकच माइक, नेहमीसारखा. चार कॅमेरे इकडंतिकडं उभे होते, पण चंद्रम्मानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माणसं रडली. चंद्रम्माला वाटलं, निम्मं संकट टळलं.

तो कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर लागला. निम्मी गल्ली सिद्धव्वाच्या घरी जमली. सिद्धव्वा खुर्चीत, समोरच. मोतीबिंदू काढल्यापासून तिचे डोळे लख्ख होते.

सिद्धव्वाच्या वडिलांनी, अप्पांनी रचलेलं पद सुरू झालं. तेच पद सगळे मागायचे.

*आडाचं पाणी किती खोल,*
*दोराला पुसा गं बाई, दोराला पुसा.*

ओळ वर चढली आणि कॅमेरा सिद्धव्वाच्या तोंडाजवळ आला. पडदाभर तिचा चेहरा. घाम, विभूतीचे तीन पट्टे, मिटलेले डोळे. आणि मिटलेले ओठ. गळ्याची शीर उडत होती, ती श्वास गिळत होती, आणि घरभर तिचा आवाज टोकावर उभा होता. "किती खोल" हे शब्द बंद तोंडातून येत होते.

गल्लीतल्या कुणाला काही वाटलं नाही. कुणीतरी म्हणालं, "डोळ्यांत पाणी आलं बघा." दुसरी म्हणाली, "अक्का, टीव्हीत गोऱ्या दिसायलात की." सगळे हसले. सिद्धव्वा हसली नाही. पुढच्या कडव्याला पुन्हा कॅमेरा जवळ आला, पुन्हा तसंच. ती बघत राहिली. चंद्रम्मा चूल बघायचं निमित्त काढून आत गेली आणि विझलेल्या चुलीपुढं उभी राहिली.

माणसं गेली. सिद्धव्वानं हाक मारली.

"चंद्रे, वर कोण गायलंय?"

"तुमीच की, अक्का."

"माझं तोंड मिटलंय. मी बघितलं."

चंद्रम्मा दाराशीच खाली बसली.

"किती दिवस झालं?"

"वर्ष झालं."

"वर्ष." सिद्धव्वानं मांडीवरचा पदर सारखा केला. "वर्षभरात किती मातीच्या घरी गेलो आपण? मेलेल्या माणसाला पोचवायला माझा आवाज म्हणून बोलावलं त्यांनी. आन मी तिथं मान हलवत बसले."

"तुमाला वाईट वाटंल म्हणून—"

"आता बरं वाटायलंय व्हय मला?"

एवढंच. सिद्धव्वा ओरडली नाही. ओरडली असती तर चंद्रम्माला सोपं गेलं असतं.

शुक्रवारी सकाळी भीमण्णा पेटी घेऊन आला. चंद्रम्मा नेहमीसारखी टाळ घेऊन मागं बसायला गेली, तर सिद्धव्वा म्हणाली, "तू ऱ्हाऊ दे. शेंगा फोडायच्या पडल्यात." चंद्रम्मा ओसरीवर शेंगा फोडत बसली. आतून पेटी ऐकू येत होती. सिद्धव्वा जन्मभर काळी चारच्या उंच पट्टीत गायली, त्याच्या खाली आली नाही. आणि आता भीमण्णाची बोटं पट्टी उतरवत होती. काळी तीन. काळी एक. पांढरी एक. तिथं सिद्धव्वाचा आवाज टेकला. खरखरीत, जाड, पुरुषासारखा आवाज. ओळ अर्ध्यावर आली, की थांबायची. तिथं चंद्रम्माचं तोंड आपोआप उघडायचं. ती ते मिटायची आणि शेंग फोडायची.

शनिवारीही तिला बोलावलं नाही. भीमण्णा जाताना तिच्याजवळ थांबला.

"जेवलीस का?"

"मला नेणार हायत का बिदरला, ते सांगा."

"मला न्हाई ठावं. विचारलं तर म्हणल्या, पेटी वाजीव."

चंद्रम्मा त्या रात्री झोपली नाही असं नाही, झोपली. पण उठली तेव्हा पहिला विचार तोच होता. अक्का शेवटचं गाणार आणि मागं आपण नसणार. तिनं तरीही रविवारी पहाटे डोक्यावरून पाणी घेतलं, इष्टलिंगाची पूजा केली, हिरवं इरकल नेसली आणि दारात बसली.

जीप आली. सिद्धव्वा पुढं बसली. भीमण्णा पेटी घेऊन मागं. सिद्धव्वानं काचेतून पाहिलं.

"बसतीस का तुला आवतण धाडू?"

चंद्रम्मा बसली. जीप बिदरच्या रस्त्याला लागली.

मैलूरच्या सभागृहात महेशकुमार म्हणून टीव्हीचा माणूस होता. कॅमेरे, आवाज, सगळं त्याच्या हुकमात. त्यानं दोघींच्या पदराला बटणाएवढे माइक लावले. मग चंद्रम्माला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मावशी, हुलसूरचं मी परत ऐकलं, बघितलं. मला कळलं. काळजी करू नका. आज दोन माइक आहेत, मी दोन्ही आवाज असे मिसळतो की कुणाला पत्ता लागणार नाही. कॅमेराही लांबच ठेवतो."

चंद्रम्मा उत्तर देणार, तेवढ्यात मागून सिद्धव्वा आली. तिला ऐकू आलं नसणार, पण दोघांचे चेहरे बघून तिला कळलं.

"काय कुजबुजायलाय, साहेब?"

"काही नाही अक्का, कॅमेऱ्याचं."

"मग कॅमेऱ्याचंच सांगते. ज्याचा आवाज, त्याचं तोंड दाखवायचं. जवळून दाखवायचं. माझा आवाज न्हाई आला, तर न्हाई आला दिसू द्या."

महेशकुमार म्हणाला, "अक्का, थेट आहे. चुकलं तर काढता येत नाही."

"मातीच्या घरी बी काढता येत न्हाई," सिद्धव्वा म्हणाली. मग चंद्रम्माकडं वळली. "आन तू. आज मी सांगल्याबिगर मधी तोंड घालायचं न्हाई."

सभागृह भरलं होतं. खाली हुलसूर, बसवकल्याण, औराद, भालकी, सगळीकडची माणसं. भीमण्णानं पांढरी एक धरली तेव्हा जाणत्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. सिद्धव्वा गायली. आवाज खाली होता, खरखरीत होता. पहिल्याच ओळीत दम तुटला. भीमण्णाची पेटी चालू राहिली, बिदरच्या तबलजीचा तबला चालू राहिला. चंद्रम्माच्या जिभेवर पुढचे शब्द आले होते. तिनं दात दातांवर दाबले आणि टाळ वाजवत राहिली. सिद्धव्वानं श्वास घेतला, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा. मग ओळ पुरी केली.

असं चार पदं चाललं. दर ओळीत खड्डा. माणसं आधी चुळबुळली. दुसऱ्या पदाला खोकणं थांबलं. तिसऱ्या पदाला अशी शांतता झाली, की सिद्धव्वा श्वास घ्यायची, तेव्हा समोरची माणसंही घेत होती. चंद्रम्माच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

पाचवं पद अप्पांचं. सिद्धव्वानं हात वर करून भीमण्णाला थांबवलं.

"गुरुवारी तुमी टीव्हीत मला बघितलं," ती समोरच्यांना म्हणाली. "वर गायलं ते माझं न्हवतं. माझ्या जावंचं होतं. वर्षभर तीच गायली. मला ठावं न्हवतं, ही चूक माझ्या कानाची. पण मान मी घेतला. म्हणून सांगायलेय." मग मागं न वळता म्हणाली, "चंद्रे, अप्पांचं पद तू उचल."

चंद्रम्माला वाटलं, आपल्याला ऐकू आलं नाही.

"उचल की. माणसं बसल्यात."

समोरच्या कॅमेऱ्यावरचा तांबडा दिवा तिच्याकडं वळला. भीमण्णानं सूर दिला, पुन्हा दिला. चंद्रम्मानं तोंड उघडलं. एकेचाळीस वर्षं त्या तोंडाला एकच जागा माहीत होती. ते तिथूनच सुरू झालं.

*दोराला पुसा गं बाई, दोराला पुसा.*

ती थांबली. आपण काय केलं ते तिला कळलं. अर्धी ओळ गायली आणि तीही मागची. आता पुढं काही नाही, सगळं आधीच होऊन गेलं. भीमण्णाचा हात पेटीच्या भात्यावर तसाच राहिला. तबलजी मात्रा मोजत तिच्याकडं बघत होता. टाळ हातात थंड झाले. सगळ्या मुलुखासमोर, अक्काच्या शेवटच्या दिवशी.

सिद्धव्वानं मान थोडी वळवली, ऐकू येणारा कान मागं केला. मग त्या जाड, तुटक्या आवाजात, जणू पद असंच रचलंय, तिनं उरलेला अर्धा भाग खाली ठेवला.

*आडाचं पाणी किती खोल.*

भीमण्णानं भाता ओढला. चंद्रम्मानं पुन्हा गायलं, दोराला पुसा. सिद्धव्वानं पुन्हा झेललं. पद उलटं चालू लागलं. सगळी कडवी तशीच, मागचा भाग आधी, पुढचा नंतर. सिद्धव्वाचा दम मध्येच तुटला, तर चंद्रम्मा थांबायची. घाई केली नाही, आधी झेललं नाही. दम परत आला, की सिद्धव्वा आपले शब्द आपल्याच तोंडानं पुरे करायची आणि मगच चंद्रम्मा पुढची ओळ उचलायची. असं एक पद किती वेळ चालावं, याचा कुणी हिशेब ठेवला नव्हता.

महेशकुमारनं वेळ संपल्याची खूण केली. दोन बोटं, मग एक, मग मूठ. सिद्धव्वाचे डोळे मिटलेले होते आणि चंद्रम्मा तिच्या पाठीकडं बघत होती.

खजुरीत घराघरांच्या टीव्हीवर बातम्या लागल्या. मैलूरच्या सभागृहात अजून दोन कडवी बाकी होती.